ह्यांच्या नावाची शेवंती

सायकालची शेवंती अकरा हिवाळे मेली. डोंगरातल्या नारीन गावच्या थंडीत माणसाची मिशी गोठते, तिथे उघड्यावर शेवंती जगवायचं खूळ या बाईच्या डोक्यात कुणी भरलं, तिलाच ठाऊक. बागकेंद्रात ती शास्त्रज्ञ होती. शेवंती फुलली की कुंचला घेऊन बसायची, एका फुलाच्या पाकळ्या कात्रीने छाटायची, दुसऱ्याचा पराग त्यावर टेकवायची आणि वर कागदी पिशवी बांधायची. बी धरलं की रोपं. रोपांपुढे पाट्या: ‘पहाडी पहाट’, ‘नारीनसुंदरी’, ‘अंतराळवीर’. मे महिन्यात बर्फ वितळलं की वाफ्यात नुसत्या पाट्या उभ्या असायच्या.

शेवटी संचालक वैतागले. “पुढच्या सप्टेंबरात राजधानीहून, फ्रुन्झेहून समिती येतेय. दाखवायला जिवंत झाड असेल तर त्याची नोंद होईल. नसेल तर त्या जागेत कोबी. कोबी निदान खाता तरी येतो.”

सायकाल घरी आली आणि पीठ मळता मळता ढसाढसा रडली. अकरा वर्षं म्हणजे काय थोडी झाली?

“मरतील नाही तर काय करतील?” चहा ओतत बात्मा आपा म्हणाली. ही तिची सासू, ऐंशीच्या पुढची. “एवढी गोड नावं पाटीवर लिहून ठेवतेस. मरणाला वाचता येत नाही असं वाटतं तुला?”

“आपा, मुळं कुजतात हो. त्यात नावाचा काय संबंध?”

“संबंध कसा नाही? याच्या आधीची माझी पोरं राहिली नाहीत. मग याचं नाव ठेवलं तेझेक. वाळलेलं शेण! कोण उचलून नेतंय? पन्नास वर्षं झाली, एकशे दहा किलोचा झालाय मेला.”

एकशे दहा किलोचा तेझेकबाय, म्हणजे सायकालचा नवरा, तेव्हा तळलेल्या पिठाचा सतरावा बोरसोक तोंडात टाकत होता. त्याने मान डोलावली. स्वतःच्या नावाबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

सायकालच्या तोंडून मात्र हे नाव सव्वीस वर्षांत निघालं नव्हतं. सासूसमोर नवऱ्याचं नाव घेणारी सून नारीनमध्ये अजून जन्मायची होती. नाव सोडाच, चुलीत घालायला शेण हवं असलं तरी ती बिचारी “ते वाळलेलं आणा” एवढंच म्हणायची.

बुडत्या माणसाला लाज कसली? साठ रोपांतली तीस तिने काळ्याभोर मातीच्या वाफ्यात, गोड नावांनिशी लावली. उरलेली तीस आपाच्या हवाली केली. आपाने सगळ्यात आधी जागा बदलली. “जिथे कुणी ढुंकून बघणार नाही, तिथे लाव.” अशी जागा केंद्रात एकच होती, संडासामागचा खडकाळ उतार. मग नावं सुटली: ‘फाटका बूट’, ‘खरजुलं कुत्रं’, ‘कुणाचंच नाही’. सगळ्यात मरतुकड्या रोपाला आपाने स्वतःच्या मुलाचं नाव दिलं.

त्या दिवसापासून म्हातारी रोज काठी टेकत यायची आणि तीसही रोपांचा उद्धार करायची. “उठलीस का गं भिकारडे? अन् तू रे, नकट्या? कसली ही पानं! शेळीसुद्धा तोंड लावायची नाही!” एकदा संचालकांची बायको तिथून जाताना “अय्या, किती गोंडस!” म्हणाली. आपा झाडू घेऊन तिच्या मागे फाटकापर्यंत धावली. ऐंशीच्या पुढची बाई, आणि धावली! दुसऱ्या दिवशी सायकालला लेखी खुलासा द्यावा लागला. त्यात तिने लिहिलं, ‘प्रयोगातील व्यत्यय दूर केला.’

थंडी उणे अडतीसवर गेली. मे महिन्यात सायकालने आधी चांगला वाफा उकरला. तीसच्या तीस कुजलेली. मग छातीवर हात ठेवून ती संडासामागे गेली. तिथे अकरा रोपं जिवंत होती, आणि त्या मरतुकड्याला तर चौदा कोंब फुटले होते. तिने मातीत बोट घातलं. माती कोरडी. उतारावरून वितळलेलं पाणी वाहून गेलं होतं, म्हणून मुळं वाचली होती. थंडी नव्हे, साचलेलं पाणी मारत होतं! अकरा वर्षं डोळ्यांसमोर असलेली गोष्ट! तिने धावत जाऊन आपाला सगळं समजावून सांगितलं.

“बरं बरं,” आपा म्हणाली. “लिही हो तुझ्या वहीत.”

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या रोपाने कमाल केली. गुडघ्याएवढं झुडूप आणि त्यावर विटकरी लाल फुलंच फुलं, पान दिसेना. हिव पडलं, पाणी गोठलं, पण एक पाकळी वाकली नाही.

समिती आली. अध्यक्ष इशेनालिएव्ह डॉक्टरेट मिळवलेले गृहस्थ, टोपी, चामडी बॅग. संडासामागे उभे राहून त्यांनी झुडपाला तीन प्रदक्षिणा घातल्या. चेहरा खुलला होता. “अप्रतिम! वाणाचं नाव काय?”

पाटी तर आपाने सकाळीच उपटून शालीआड धरली होती. परक्याची नजर नको म्हणून. आणि स्वतः ती शेजारीच उभी. सायकालला घाम फुटला.

“नाव... ह्यांचंच आहे.”

“कुणाचं?”

“ह्यांचं. ते नाही का, जनावर पुढे गेलं की मागे जे राहतं...”

“पायवाट?”

“नाही हो. वाळवतात ते. चुलीत घालतात.”

“लाकूड?” अध्यक्षांनी लिहायला घेतलं.

“लाकूड नव्हे!”

दुसऱ्या सदस्याने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. अध्यक्षांचं पेन थांबलं. “शेण? राज्याच्या नोंदवहीत मी शेण लिहू? बाई, शुद्धीवर आहात ना? काहीतरी सुंदर सांगा, आत्ता सही करतो. नाहीतर परत नेतो हा कागद.”

सायकालला नावाचं काय पडलं होतं? मुळं कशामुळे वाचली ते तिला ठाऊक होतं. ‘नारीनची शान’ अगदी ओठांवर आलं. पण आपाचा चेहरा बघून ती अडखळली. अध्यक्षांनीही तो बघितला असावा. जरा नरम होत ते म्हणाले, “बरं, आजी, तुम्हीच ठेवा. एखादं छानसं नाव.”



“छान नावं माझ्याकडे नाहीत रे बाळा,” आपा म्हणाली. “सहा होती. अल्तिनबेक. नुरसुलू. झिबेक. गुलायिम. चोल्पोन. थोरला बक्तियार तर चालायलाही लागला होता.” तिने बोटं मोजली. सहावं बोट दुसऱ्या हाताचं. “सोन्याचं नाव, रेशमाचं, चांदणीचं, सगळं देऊन झालं. सगळं गेलं. हे एकच नाव राहिलं घरात.”

सव्वीस वर्षांत सायकालने ही नावं ऐकली नव्हती. सहा होती, हेही तिला माहीत नव्हतं. तिने ओठांवरचं ‘नारीनची शान’ गिळून टाकलं. तिला रडू आलं, आणि इतकी वर्षं गप्प बसल्याचा स्वतःचाच रागही आला.

“तेझेक,” ती म्हणाली. सासूसमोर, चारचौघांत, खणखणीत आवाजात. “तेझेक लिहा. नाहीतर लावा कोबी.”

“ओ!” आपाला न्यायला येऊन कुंपणापलीकडे गाडीपाशी उभा असलेला तेझेकबाय दचकून ओरडला. बायकोने नावाने हाक मारलेली त्याने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली होती. “काय गं? काय झालं?”

“तुला नाही रे,” डोळे पुसत आपा म्हणाली, “धाकट्याला.”

अध्यक्षांनी टोपी काढून बगलेत धरली आणि नाव लिहिलं.