पाच वाजायच्या आत

माझ्या थोबाडावर बूट ठेवून तो दोरी कापत होता.

फ्लेक्सवरचं थोबाड. पण बेंबळीच्या स्टँडवर उभ्या माणसांना त्यात फरक वाटला न्हाय, आन् मलाबी न्हाय. 'पुण्याच्या नामांकित कंपनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' माझा फोटो तळहाताएवढा. शुभेच्छुक म्हणून ह्याचा आन् ह्याच्या चुलत्याचा खिडकीएवढा.

आमच्याकडं असंच असतंय. पोरगी रुजू व्हायच्या आधीच शाल, नारळ, भाषण, फ्लेक्स. लावला होता ह्यानंच, बाळासाहेबानं. उपसरपंचाचा पुतण्या. माझी आई त्यांच्याच सोयाबीनमधी खुरपायला जाते.

"तुमच्यात कधी कुणाला कंपनी बोलावती का गं?" सगळ्यांना ऐकू जाईल असं तो बोलला. "खुरपं धरायचं सोडून मेल बघत बसली. आमचीबी इज्जत घालवली."

लोक हसले. चहावालाबी हसला. त्यानं माझ्या सत्काराचा पेढा खाल्ला होता.

मी बी.कॉम. झालेली. धाराशिवला लई मुलाखती दिल्या. आधी आडनाव विचारायचे, मग बाप काय करतो, मग "कळवतो" म्हणायचे. कळवलं कुणीच न्हाय. मग ऑनलाइन अर्ज टाकला, आन् एक दिवस निवडीचा मेल आला. माझ्या नावाआधी 'आदरणीय'. अहो, मला जल्मात कुणी आदरणीय म्हणलं नव्हतं! तिथंच मी गळाला लागले. मुलाखत न घेता निवड कशी, हे विचारलंच न्हाय. उलट बरं वाटलं, एकदाचं कुणीतरी आडनाव न विचारता घेतलं.

मग लॅपटॉपसाठी ठेव भरा म्हणले. आईनं गळ्यातलं डोरलं मोडलं. ते पैसे गेले, फ्लेक्स लागला, आन् दुसरा मेल आला. आणखी भरा. आजच भरा, न्हायतर निवड रद्द. 'आजच' वाचून शंका आली. त्या कंपनीचा खरा नंबर हुडकून फोन केला. पलीकडची बाई म्हणली, "ताई, आम्ही नोकरीसाठी कुणाकडूनच पैसे घेत नाही." मेलचा पत्ता नीट बघितला. पुढं कंपनीचं नाव नुसतं चिकटवलेलं, मागं कुणालाबी फुकटात मिळतो तसला पत्ता. आईला सांगितलं. ती मोकळ्या गळ्यावरनं हात फिरवत बसली.

फ्लेक्स काढा, असं मीच बाळासाहेबाला सांगितलं. त्यानं गर्दी जमवून काढला.

तेवढ्यात त्या गर्दीतनं रंजीची आई पुढं आली. आमच्या शेजारची. "बाई, आमच्या रंजीलाबी तसलाच मेल आलाय की गं. तुझा फ्लेक्स बघून तिनंबी अर्ज टाकला. पाच वाजायच्या आत भरा म्हणलेत. बापलेकी पैसे घेऊन गेल्यात समोर."

समोर म्हणजे स्टँडपलीकडचं ऑनलाइनचं दुकान. साडेचार होऊन गेले होते.

मी निघाले तसा बाळासाहेब आडवा आला. आता हळू बोलला. "तिथं जाऊन बोंब मारू नको. फ्लेक्सवर काकांचा फोटो होता. पेपरात आलं तर? गप घरी जा. न्हायतर आईला म्हणावं, उद्यापासून शेतात येऊ नको."

डोरलं गेलं, आता आईची मजुरीबी? मी गप बसणारच होते. मग डोक्यात आलं, त्या मेलवाल्यालाबी हेच पाहिजे की. मी लाजून घरात बसावं. आन् ह्यालाबी हेच पाहिजे. दोघांचंबी माझ्या लाजेवर चाललंय.

"सरका," म्हणलं. तो सरकला न्हाय. मी बाजूनं गेले, खाली पडलेल्या फ्लेक्सवर पाय देऊन. पाय त्याच्या काकांच्या फोटोवर पडला.

दुकानात रंजीचा बाप पैसे काढतच होता. "थांबा!" मी ओरडले. रंजीचा मोबाईल ओढून घेतला. आदरणीय. तोच शब्द, तोच पत्ता.

"तुझी मुलाखत घेतली का गं कुणी?"

"न्हाय."

"मग निवडलं कशावरनं? पगार देणारा आधी पैसे मागतो व्हय? आन् पाचच्या आत का? तू कुणाला विचारू नये म्हणून."

रंजीचा बाप माझ्यावरच खेकसला, "तुझी गेली म्हणून आमच्या पोरीची नोकरी मोडतीस व्हय?"

"व्हय, माझी गेली. आईचं डोरलं गेलं. म्हणूनच सांगते, काका."

त्यांच्यासमोर मेलमधल्या कंपनीचा खरा नंबर परत हुडकला. फोन स्पीकरवर टाकला. पलीकडनं तेच उत्तर आलं. बापानं पैसे परत खिशात घातले. रंजी रडाय लागली. मी तिथनं थेट पोलिसांत गेले आन् तक्रार दिली.

दुसऱ्या दिवशी आई बांधावरनंच परत आली. पोरीनं आमच्या दारात येऊन माफी मागावी, मगच खुरपं धर, असा बाळासाहेबाचा निरोप होता.

"जाऊ नको," आई म्हणली.

मी गेले न्हाय. फसवलं मला, आन् माफीबी मीच मागायची? तक्रारीवर माझी सही हाय. जिला जिला असला मेल येईल तिच्या घरी जाऊन सांगणार, मी फसले, अशी फसले. बाळासाहेब आन् त्याचा काका दारात माझी वाट बघत असतील, तर बघू द्या. जल्मभर बघू द्या.