पलीकडची मूठ

कोल्हारच्या वखारीत त्या सकाळी पोत्यावर दोन यंत्रं मांडून ठेवली होती. एक थोरलं, एक धाकटं. पेट्रोलवर चालणाऱ्या करवती. सहादू त्यांच्याजवळ जाईना. घरात साप शिरला की माणूस कोपऱ्याकडे बघतं, तसा तो लांबूनच बघत राहिला.

सहादू साठीला टेकलेला. जन्मभर झाडं तोडलेली. आधी करवतीच्या पलीकडच्या मुठीला भाऊ असे, भीमा. तो साखर कारखान्यात लागला आणि ती मूठ सहादूच्या बायकोनं, राहीबाईनं धरली. दोघं बुंध्याच्या दोन बाजूंना उकिडवी बसत. करवत आपल्याकडे ओढायची, ढकलायची नाही. ओढून झाली की हात सैल सोडायचा. पुढचं काम समोरच्याचं. झाड मध्ये असल्यानं एकमेकांचं तोंड दिसत नसे. हाताला हात कळे. गावात थट्टा चाले, "सहादूच्या घरात भांडान होत न्हाई. दोघं दिवसभर वडावडी करूनच दमत्यात."

आता नगर-मनमाड रस्त्याकडेची झाडं पडायची होती. वखारवाल्या कारभारीनं ठेका घेतला होता आणि हातकरवतीवर त्याचं भागणार नव्हतं.

"सहादूबाबा, दोन्हीतली एक निवडा. दुसरी मुंबईला माघारी धाडतो," तो म्हणाला. "तुमाला न्हाई जमलं तर राहुरीचा एक गडी तयार हाय."

"जमंल की," सहादू म्हणाला.

"थोरलीच घ्या," राहीबाई म्हणाली. "धाकटी बघून लोक म्हनतील, म्हाताऱ्यानं खेळनं आनलं."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"का? मला बी वडायची हाय ना."

कारभारी हसला. सहादूही हसला. तिला कुणी काही समजावून सांगितलं नाही.

वखारीच्या कुंपणाशी एक वाळलेला लिंब उभा होता. त्याच्यावरच थोरली करवत चालवून बघायची ठरली. कारभारीनं कशी धरायची ते दाखवलं आणि दोरीला हिसका दिला. यंत्र भुंकलं, मग ओरडायलाच लागलं. सहादूच्या हातांतली थरथर खांद्यांपर्यंत चढली. झाड तुटण्याआधी आतून बोलतं. ते ऐकून तो आजवर बाजूला होत आला होता. आता स्वतःचा श्वासही ऐकू येत नव्हता. निळ्या धुरानं डोळे चुरचुरले. पातं लोण्यात शिरावं तसं खोडात शिरलं. तो घाबरला आणि दाबत गेला.

मग यंत्र एकाएकी आचके देत बंद पडलं.

"राहे?" सहादू म्हणाला. ती मागं उभी असेल असं त्याला वाटलं होतं. मागं कुणी नव्हतं.

तो झाडाला वळसा घालून गेला. राहीबाई आपल्या जागेवर उकिडवी बसली होती, रोज बसायची तशीच. पात्याचं टोक खोडातून बाहेर आलं होतं. तिचा पदर साखळीच्या दातांनी आत ओढून घेतला होता, आणि पदराबरोबर तीही ओढली जाऊन तिचा गाल सालीला टेकला होता. उजवा हात टोकाशी तसाच पुढं धरलेला.

सहादूनं कोयता काढला. पदर कापायला त्याचा हात उचलेना. शेवटी कापला. तिची बोटं एकेक करून चाचपली. सगळी होती.

"अगं, हितं का बसलीस?"

"मूठ हुडकत हुते," ती म्हणाली. "मूठच न्हाई हिला."

सहादू पोत्याजवळ गेला आणि धाकटी करवत उचलली. लिंबाच्या खोडाला आडवी लावून बघितली. पातं निम्म्यातच संपत होतं.

"ही."

"बाबा, हिच्यानं निम्मंच झाड कापंल. फिरून पलीकडनं कापावं लागंल. दुप्पट वेळ!"

"फिरीन."

"त्यापरीस बाईंना लांब बसवा की!"

"बसंल ती. हात कुठं ऐकत्यात?"

राहीबाई फाटक्या पदराला गाठ मारत होती. धाकटीला ती पुन्हा खेळणं म्हणाली नाही.

धाकटी करवत घेऊन सहादूनं त्या रस्त्यावरची झाडं पाडली. राहीबाई दूर बांधावर बसे. सहादू दोरीला हिसका द्यायच्या आधी यंत्र खाली ठेवून झाडाभोवती फिरे. एसटीतल्या लोकांना वाटे, म्हातारा झाडाला प्रदक्षिणा घालतोय.

"अवं, हितं हाय मी! दिसत न्हाई का?" ती बांधावरून ओरडे.

दिसत असे. तिच्याकडे बघत बघतच तो पलीकडे जाई, वाकून बुंध्याशी बघे, आणि मगच माघारी येई.