शुद्ध पाण्याचं लाल

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या रंगारणीला माझी मुलगी मावशी म्हणते. मावशी म्हणजे आईची बहीण. मला बहीण नाही, आणि असती तरी हिला केलं नसतं.

रंगारीण आडव्या बांध्याची, आवाजानं दणदणीत. नवरा गेल्यावर एक चूल आणि दोन हौद एवढ्यावर तिनं धंदा उभा केला. मंजिष्ठेच्या मुळ्या कुटून रंगवलेलं तिचं लाल कापड न्यायला लोक लांबून येतात. कौतुकात कमी पडलं तर ती स्वतः भर घालते. शिक्षण संपल्यापासून माझी लेक दिवसभर तिथेच. घरी चहाचा कप विसळत नाही, तिथे ओल्या कापडाचे ढीग पिळते.

परवा रंगारणीनं हौदांना पाणी पुरवणारी विहीर बुजवून तिथे तिसरा हौद बांधला आणि शुद्ध पाण्याचा नळ घेतला. "आता बघा वहिनी, माझं लाल!"

बघितलं. विटेसारखं, मरगळलेलं. तिनं मुळ्या विकणाऱ्याचा उद्धार केला, मुळ्या बदलल्या. पुन्हा वीट. शुद्ध पाण्यावर संशय कोण घेणार?

मी घेतला. कॉलेजात रसायनशास्त्र शिकले आहे. जमिनीतून झिरपताना पाणी दगडातला चुना विरघळवून सोबत आणतं, आणि मंजिष्ठेचं लाल त्या चुन्याच्या आधारानं खुलतं. नळाच्या पाण्यातून तो काढून टाकलेला. पण मी तोंड उघडलं नाही. हौद बंद पडतील, लेक घरी येईल, या विचारानं मला मनातून उकळ्या फुटत होत्या.

लेक घरी आली ती बॅग भरायला.

"मावशी म्हणते, इथली जागाच आता रंगाला मानवत नाही. भावाच्या गावी हलवतेय सगळं. मीपण जाते."

"तिथे राहशील कुठे? खाशील काय?"

"मावशी आहे ना."

तशीच चुनखडीची पूड घेऊन रंगारणीकडे गेले.

"वहिनी? रस्ता चुकलात?"

"ही पूड हौदात टाका."

"एवढ्या स्वच्छ पाण्यात माती कालवू?"

"कालवा. तुमच्या विहिरीचं पाणी हेच घेऊन येत होतं."

तिनं नाक मुरडत चिमूटभर टाकली. मी आणखी टाकायला लावली. कापड शिजलं, वर काढलं, आणि लाल असं आलं की लेक किंचाळली. धावत जाऊन गळ्यात पडली. रंगारणीच्या.

"म्हणजे इतकी वर्षं माझं नाव झालं ते दगडामुळे?" रंगारीण तिच्या खांद्यावरून कुजबुजली. "कुठे बोलू नका हं, वहिनी."

बॅग रिकामी झाली. जेवताना लेक विचारत होती, कुठल्या हौदाला किती पूड लागते, जास्त झाली तर काय होतं. मी पहिल्या हौदाचं तेवढं सांगितलं.

"आणि बाकीच्या दोन हौदांचं?"

"उद्या जेवायला वेळेवर ये, मग सांगते."