पाय चालवून बघा

आमच्या मानक नगरच्या क्वार्टरला पुढे जाळीची गॅलरी होती. बाकीच्यांच्या गॅलरीत कुंड्या, सायकली, कुणाचं कुत्रं. आमच्या गॅलरीत शिवणाची मशिनं. हातानं फिरवायची, पायानं चालवायची, एकाला तर चाकच नव्हतं. कॉलनीतल्या बायका भाजीवाल्याला पत्ता सांगताना 'वो मशीनवाली मराठिन के बगल में' म्हणायच्या. आमच्या ह्यांना ते फार लागायचं. रेल्वेतला इंजिनिअर माणूस, आणि ओळख काय, तर मशीनवालीचा नवरा!

"अहो, हौसेला मोल नसतं," मी म्हणायचे.

"म्हणूनच भीती वाटते," हे म्हणायचे, आणि रविवारी मुकाट्यानं मला स्कूटरवरून नक्खासच्या जुन्या बाजारात घेऊन जायचे. भंगारात मशीन दिसलं की मी आधी वाकून बघायचे, पुढच्या अंगाला छोटी पितळी पट्टी आहे का. असली की संपलंच. हे चहा शोधायला निघून जायचे आणि मी घासाघीस करायला उकिडवी बसायचे.

ती पट्टी हजरतगंजमधल्या एका मोठ्या स्टोअरची. आता तिथे मध्ये भिंती घालून वेगवेगळी दुकानं केली आहेत. पण मी लग्न होऊन लखनौला आले तेव्हा ते अख्खं होतं, आणि मी सांगलीची पोर पहिल्यांदा दारातच थबकले होते. आमच्याकडे दुकान म्हणजे गादी, गादीवर शेठ आणि 'काय दाखवू ताई?' इथे कुणी काही विचारतच नव्हतं! उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, लाकडी काउंटर, रंगवार रचलेले लोकरीचे गुंडे, कपबश्या, बुटांच्या खोक्यांची भिंत, आणि सगळीकडे डांबराच्या गोळ्यांचा न् पॉलिशचा वास. घ्या, नका घेऊ, फिरा. रिकाम्या हातानं निघालं तरी दारातला म्हातारा 'फिर तशरीफ़ लाइएगा' म्हणायचा. हजरतगंजमध्ये उगाच भटकण्याला लखनौत 'गंजिंग' म्हणतात. माझं गंजिंग त्या स्टोअरच्या पुढे कधी गेलंच नाही.

वरच्या मजल्यावर खिडकीशी शिवणाच्या मशिनांचं काउंटर होतं. तिथे एक बाई पायमशीनवर बसून गिऱ्हाइकांना टीप घालून दाखवायच्या. मी किमतीची चिठ्ठी वाचली आणि स्वतःशीच म्हटलं, "अगं बाई, एवढं?" तर त्या मान वर न करता म्हणतात कशा, "बघायला काही लागत नाही हो. बसा, पाय चालवून बघा."

मराठी! आणि तीही रत्नागिरीच्या हेलातली! मला तिथल्या तिथे रडू आलं. लग्नाला महिना झाला होता आणि घराबाहेर कुणाशी धड बोलले नव्हते. त्यांनी मशीन थांबवलं, स्वतःच्या डब्यातला लाडू माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "आधी खा. मग रड." त्या आमच्या काकू.

काकूंचे यजमान रेल्वेत कारकून होते, तरुणपणीच गेले. पदरात एक मुलगा. माहेरी परत न जाता काकूंनी ही नोकरी धरली आणि त्याच मशीनवर बसून मुलगा वाढवला, शिकवला, बँकेत चिकटवला. दिवसभर गिऱ्हाइकांना, "बैठिए मेमसाहब, पैर चलाकर देखिए, देखने का कुछ नहीं लगता." मशीन विकलं गेलं की शिकवायच्याही त्याच. मला शिवण शिकवलं त्यांनीच, आणि हिंदीही.

नव्वदनंतर केव्हातरी ते स्टोअर बंद पडलं. शेवटी शेवटी मी गेले तेव्हा पंखे उतरवले होते आणि लोकरीच्या कप्प्यात मांजर व्यालेली होती. काकूंना निरोप म्हणून मालकांनी त्यांचं रोजचं मशीन देऊन टाकलं. दुकान काही मला परत मिळणार नव्हतं. म्हणून मग मी त्याची मशिनं शोधत सुटले. पण खरं सांगू, सगळ्यांत डोळा होता तो काकूंच्या मशीनवर. त्याची पट्टी हात लागून लागून गुळगुळीत झाली होती. काकूंना ते माहीत होतं. "माझ्यामागे तुलाच," त्या म्हणायच्या. "काहीतरीच काय काकू!" मी म्हणायचे, आणि पट्टीवरून एकदा बोट फिरवून घ्यायचे.

मग एका जानेवारीत काकूंना नात झाली. आलमबागला मुलाच्या फ्लॅटमध्ये काकू राहायच्या. सून लखनौचीच, गोड मुलगी. मी बाळ बघायला गेले तर काकू खुर्चीत बसलेल्या, पायांवर शाल. तोंड एवढंसं झालेलं.

"मशीन घेऊन जा तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. "आजच ने."

मी हबकलेच. "अहो काकू, असं काय बोलता? कुंची शिवायची ना?"

त्यांच्या घरात बाळाची पहिली कुंची बापाच्या आईनं शिवायची अशी रीत. बाळ जन्मायच्या आधी कापडाला कात्री लावायची नाही, आणि बारशाला बाळाच्या अंगावर ती असायलाच हवी. हातात जेमतेम बारा दिवस. काकूंनी स्वतःच्या लग्नातल्या शालूचा पदर त्यासाठी इतकी वर्षं जपून ठेवला होता. तो त्यांनी कापलाही होता. पण शिवणार कसा?

"पाय गेले गं माझे," काकू म्हणाल्या. "रोज पहाटे बसते, जोर लावते, पायडल हलत नाही."

काकूंची शिवायची वेळ पहाटेची. स्टोअरला जायचं असायचं म्हणून घरचं शिवण त्या चहाच्या आधी उरकायच्या, ती सवय सुटली नव्हती. शिवाय आता दिवसा बाळाची मालीश, आलं-गेलं. मशीन बाहेरच्या बाल्कनीत, म्हणजे कुणाची झोपमोड नको.

"मशीनच बिघडलं असेल," मी म्हटलं.

"बघ की मग. पाय चालवून बघ."

दुपारची वेळ. धुकं निवळून बाल्कनीत छान ऊन आलं होतं, मशीन चांगलं तापलं होतं. मी बसले, पाय लावला, आणि मशीन लोण्यासारखं चाललं. मला मेलीला तेव्हा त्याचा राग आला! काकू भिंतीकडे बघत होत्या. मुलगा हळूच म्हणाला, "मैंने भी संडे को दोपहर में चलाया था, आंटी. मशीन तो फर्स्ट क्लास है." मग आईजवळ बसून म्हणाला, "आई, अब आराम करो ना. बाज़ार से कुछ ले आएँगे." बिचारा तो तरी काय बोलणार? काकू दिवाळीत जिन्यावर घसरल्या होत्या, तेव्हापासून गुडघा कुरकुरत होता. डॉक्टरनं वय झालं म्हणून सांगितलं होतं. सगळं जुळतच होतं.

"बाजारात टोपी मिळते. कुंची नाही मिळत," काकू म्हणाल्या.

"मग आता बसून बघा ना माझ्यासमोर," मी म्हटलं.

"नको. चारचौघांत फजिती नको." आणि त्यांनी कापलेला शालू माझ्या मांडीवर ठेवला. "तूच शीव. ह्याच मशीनवर शीव, म्हणजे मी शिवल्यासारखंच." एवढं म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. ज्या पायांवर घर उभं केलं ते पायच गेले, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

टेम्पोत मशीन घालून घरी आणलं. इतकी वर्षं ज्याची हाव होती ते मशीन गॅलरीत आलं आणि मला काडीचा आनंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांना टूरवर जायचं होतं म्हणून मी पहाटेच उठले. थंडी अशी की नळाला हात लावायची सोय नाही. डबा झाला, हातात थोडा वेळ होता, म्हटलं कुंचीची एक तरी टीप घालू. बसले. पाय लावला. हलेना! दोन्ही पायांनी रेटलं. ढिम्म.

"अहो, जरा या इकडे!"

हे आले. यांनी रेटलं. नाही. मग इंजिनिअर जागा झाला. खाली वाकून, टॉर्च मारून, झीज, घर्षण, बेअरिंग, असलं काहीबाही सुरू झालं. "काल ऊन होतं तेव्हा चालत होतं म्हणतेस? लोखंड आकसलं असणार." मी म्हटलं आकसू दे, आणि वेणी घालायला आत आले. केसांना तेल लावायला बाटली उचलली. आतलं खोबरेल तेल पांढरंफटक गोठलेलं, नेहमीसारखं. लखनौच्या थंडीत आम्ही मराठी बायका रोज सकाळी ती बाटली उन्हात नेऊन ठेवतो. मी बाटली हातात घेऊन तशीच उभी राहिले. मग धावत गॅलरीत गेले आणि मशीनच्या चाकाशी नाक नेलं.

खोबरेल! मशीनला खोबरेलाचा वास!

फोन लावला. "काकू, मशीनला तेल कुठलं घातलंत?"

"स्टोअरमधली बाटली संपली बाई दिवाळीत. मग खोबरेल घातलं. आमची आई रत्नागिरीला तेच घालायची."

आता कोकणी माणूस खोबरेल कुठे घालत नाही? डोक्याला, अंगाला, आमटीला, दाराच्या बिजागरीला. रत्नागिरीत ते असं दगडासारखं गोठत नाही, त्यामुळे त्यांची काही चूक नव्हती. पण काखेत कळसा म्हणतात तो हा! आम्ही सगळ्या रोज बाटल्या उन्हात ठेवत होतो आणि एकीच्याही डोक्यात आलं नाही. मी फोनवर ओरडूनच सांगितलं, "काकू, तुमचे पाय नाही गेले! तेल गोठलंय! थंडीत चिकटतं, उन्हात सुटतं!"

काकू म्हणाल्या, "माझं मन राखतेस, होय ना? तू चांगली आहेस गं." आणि फोन ठेवला.

आता ह्या बाईला काय म्हणावं! हे तोवर पाने आणि रॉकेल घेऊन मशीन खोलायच्या तयारीत. मी हात धरला. साफ केलेलं मशीन चाललं तर त्यात काय सिद्ध होणार? दुपारी ते चालतच होतं. आहे तस्संच ते मी त्याच दिवशी आलमबागला परत पाठवलं, बाल्कनीत होतं तिथे ठेवायला सांगितलं, आणि टूर संपवून आलेल्या ह्यांना दोन दिवसांनी पहाटे स्कूटर काढायला लावली. बारसं परवावर आलं होतं. धुक्यात पुढचं चाक दिसत नव्हतं. "एका कुंचीसाठी जीव जाणार माझा," हे पुटपुटत होते, पण घेऊन गेले.

दार मुलानं उघडलं, स्वेटर, मफलर, डोळ्यांत झोप. मी काकूंना हाताला धरून बाल्कनीत आणलं. मुलाला म्हटलं, "तू बस." रोज बॅडमिंटन खेळणारा, जिना दोन दोन पायऱ्या चढणारा मुलगा. तो आईकडे बघायला लागला.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. मग एकदम त्यांची पाठ ताठ झाली. पदर सारखा केला, आणि त्या स्टोअरमधल्या आवाजात म्हणाल्या, "बैठिए साहब. पैर चलाकर देखिए. देखने का कुछ नहीं लगता."

तो बसला. पाय लावला. हलेना. हसला, जोर लावला. हलेना. दोन्ही हातांनी टेबल धरून रेटलं, कान लाल झाले, पायडल जागचं हलेना. "आई... ये तो नहीं हो रहा."

काकू बघत राहिल्या. मला वाटलं आता रडणार. तर त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अरे, तुझेही पाय गेले की काय रे?" आणि हसत सुटल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून घळाघळा पाणी, मग तो हसायला लागला, मी हसतेय आणि रडतेय, सून दारात येऊन "क्या हुआ मम्मी जी?" आणि आतून बाळाचं टँहँ सुरू.

"ऊठ तिथनं," काकू मुलाला म्हणाल्या. बाळ-बाळंतिणीच्या शेकासाठी पेटवलेली शेगडी स्वयंपाकघरात तयार होती. ती त्यांनी बाल्कनीत मागवली. मशीनचं डोकं मागे कलतं केलं आणि खालून धग लागेल अशी शेगडी ठेवली. बाळंतिणीच्या आधी मशीनला शेक! हळूहळू सांध्यांतून तेल ओघळायला लागलं आणि बाल्कनीभर खोबरेलाचा वास सुटला. काकू स्टुलावर बसल्या, मी पिशवीतून परत आणलेले शालूचे तुकडे जुळवले, पाय लावला. एकदा अडलं. मग सुटलं. खडखड, खडखड, पहिली टीप नाकासमोर सरळ गेली. मुलगा आईच्या पायांकडे बघत जमिनीवर बसून राहिला होता.

मी पट्टीवर बोट ठेवलं, सवयीनं. काकूंनी टीप न थांबवता माझ्या बोटावर चापट मारली.

"हात काढ. आता मी मेल्यावरच न्यायला ये."

"मला काहीएक घाई नाही, काकू," मी म्हटलं.