कडेवरची रायफल

मागच्या महिन्यात माझ्या सासूबाईंनी मला रायफल धरायला शिकवलं. हसू नका... मी बारा वर्षं शूटिंग करतेय, स्टेटची मेडल्स भिंतीवर लटकलीयेत आणि आईंनी आयुष्यात केळी कापायच्या विळ्याशिवाय दुसरं हत्यार धरलेलं नाही.

झालं असं, की आमचा ओमी झाल्यापासून माझा नेम पार बिघडला होता. दीड वर्षाच्या गॅपनंतर एअर रायफल घेऊन उभी राहिले तर नळी नुसती डोलायची. भोपाळची ट्रायल दहा दिवसांवर आलेली, आणि मी मनाशी ठरवून टाकलं होतं... या वेळी टीममध्ये नाव नाही आलं, तर रायफल बॅगेत घालून चेन लावायची ती कायमची. कोणाला बोलले नव्हते. पण प्रॅक्टिस संपली की रडू यायचं, खोटं कशाला सांगू.

घर आमचं बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात, पण प्रॅक्टिस शेतावरच्या केळी पॅकिंगच्या शेडमध्ये. नेपानगरचे माझे जुने सर व्हिडिओ कॉलवर एकच धोशा लावायचे, "पुरानी पोजिशन पकडो बेटा, पुरानी!" म्हणून मी लग्नाआधीचा, मेडलच्या दिवशीचा फोटो खांबाला चिकटवला, जमिनीवर टेपने पावलांच्या खुणा केल्या आणि रोज स्वतःचीच कॉपी मारत बसले. कंबर दुखून बेजार... नळी डोलतेच आहे.

त्या रविवारी आई ओमीला घेऊन शेडवर आल्या. मी छर्रा न घालता, रिकाम्या रायफलने नुसती उभं राहायची प्रॅक्टिस करत होते. अंगात कॅनव्हासचं ते जाड जॅकेट, ज्याला आई गोधडी म्हणतात, आणि वर आमच्याकडचं ऊन... घामाने आंघोळ झालेली. आई खोक्यांच्या थप्पीवर बसल्या आणि एकदा माझ्याकडे, एकदा फोटोकडे बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "ही फोटोतली पोरगी कोन वं?"

"मीच की आई!"

"हट्. हिला पोर कुठं झालंय अजून?"

माझं टाळकंच सरकलं. आधीच जीव टांगणीला, त्यात हे टोमणे! रायफल स्टँडवर ठेवली, जॅकेट काढून फेकलं आणि किरकिरणाऱ्या ओमीला उचलून कडेवर घेतलं. त्या उकाड्यातही पाच मिनिटांत बाळराजे खांद्यावर मान टाकून गाढ झोपले.

"आता हलू नको," आई म्हणाल्या. "बघ, कशी उभी हाये तू."

मी पायांकडे बघितलं. पावलं टेपच्या खुणांपेक्षा एकमेकांपासून चांगली लांब पडलेली, डावी कंबर बाहेर काढलेली, कोपर कंबरेच्या हाडावर टेकलेलं... आणि श्वास इतका हळू, की लेकरू जागं होऊ नये.

आता गंमत अशी, की उभ्या पोजिशनमध्ये कोपर त्याच हाडावर टेकवायचं असतं. रायफल ताकदीने धरायची नसते, हाडांवर ठेवून द्यायची असते. हे मी नव्या मुलींना घसा कोरडा करून शिकवलंय हो! आणि स्वतः मात्र त्या फोटोतल्या पोरीची कंबर शोधत बसले होते.

आईंनी ओमीला अलगद काढून घेतलं. "घे आता ती बंदूक कडेवर. झोपलीये समज. उठू देऊ नको."

घेतली. नळी लगेच थांबली नाही... पण दोन-तीन श्वासांनंतर तिचं डोलणं कमी झालं आणि मग ती थांबली. मी मान न वळवता ओरडले, "आई, जमलं!" तर मागून उत्तर, "बोंबलू नको, पोरगं उठंल."

टेप उपटली, फोटो काढला. सर आधी वैतागले, "ये कौन सी पोजिशन है?" मग पाच मिनिटं बघत बसले आणि म्हणाले, "चलने दो."

निघायच्या दिवशी आईंनी ओमीला लावतात तशी काजळाची तीट रायफलच्या दस्त्यावर लावली. भोपाळला चेकिंगवाल्यांनी विचारलंच, ये काला क्या है? म्हटलं, नजर का टीका. ते हसले आणि पुढे जा म्हणाले.

मधे एक शॉट साफ वाया गेला. शेजारच्या पोरी माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, एकेक शॉट पुऱ्या दहा पॉइंटचा मारतायत. रायफल खाली घेतली, डोळे मिटले, मनातल्या मनात ओमीला थोपटलं आणि परत उचलली.

संध्याकाळी लिस्ट लागली. टीममध्ये सगळ्यात शेवटचं नाव माझं. शेवटचं तर शेवटचं, आलं ना! मी तिथेच उड्या मारल्या.

बारा वर्षांत चार कोच झाले माझे, सगळ्यांची ऋणी आहे. पाचव्या माझ्याच घरात होत्या आणि मी त्यांना फक्त पोर सांभाळायला सांगत होते... लाज वाटली मला.

आईंना फोन लावला. नाव, नंबर, स्कोअर, सगळं एका दमात सांगायचं होतं. पण त्यांनी आधीच विचारलं, "मधे उठली तर नाही ना वं?"

"एकदाच कुरकुरली, आई... मग शेवटपर्यंत झोपली."