आवडाबाईचा अंगठा

आवडाबाई, तुला पत्र लिहिण्यात काही अर्थ नाही. होतीस तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तुला जाऊनही कितीतरी वर्षं झाली. तरी लिहिते, कारण रिसोडात लोक तुझी गोष्ट अजून चुकीची सांगतात.

तू माळ्याची. मळ्यात वांगी-मिरची लावायचीस, बाजारात टोपली रिकामी झाली की घरोघर अंग चोळायला जायचीस. बाळंतिणीची कंबर, पैलवानाचा खांदा, गाडीवानाचा मुरगळलेला पाय. तीस वर्षं. तुझ्या उजव्या अंगठ्याखालून न गेलेली कंबर गावात शोधावी लागली असती. लोक म्हणायचे, ‘आवडाबाईच्या हाताले गुण हाये.’ देवानं दिलेला म्हणे! तुझ्या कष्टांचं नाव कोणी काढत नसे.

१९३६च्या उन्हाळ्यात मी नागपूरच्या कॉलेजातून सुट्टीवर आले होते. वहिनी बाळंत झालेली, तू तिला तेल लावायला यायचीस. मी दोन दिवस बघत होते. तू कोपरानं दाबायचीस, मुठीनं रगडायचीस, अंगठा कुठेच टेकवत नव्हतीस. तिसऱ्या दिवशी ओलं फडकं पिळायला तू चक्क बाळंतिणीच्याच हातात दिलंस. वहिनीला वाटलं, बाई माजली. मी तुझा हात ओढून बघितला. अंगठ्याचं मूळ टम्म सुजलेलं.

“हे कधीपासून?”

“हळू बोल वं. दोन वर्सं झाले.”

“मग डॉक्टरला दाखव.”

“अन् गावाले काय सांगू? जिचा सोताचा हात बरा होत नाही, तिच्यापाशी आपली कंबर घेऊन कोन येईन? हात गेला का मी नुसती वांगेवाली.”

मी हे कोणाला सांगितलं नाही. मला ते फार जमत नाही.

आठवड्याभरात माझ्या वडिलांच्या, रंगराव मास्तरांच्या, कमरेत उसण भरली. विहिरीतून बादली ओढली आणि जे वाकले ते वाकलेलेच राहिले. तुला बोलावलं. शेजारचे हिरालाल आणि आणखी चारजण तमाशा बघायला हजर. तू अंगठा टेकवलास, जोर दिलास, आणि किंचाळलीस ती तूच.

“दुखणं माझं, अन् ओरडते ही!” बाबा म्हणाले.

“काय वं, हात गेला का?” हिरालालनं विचारलं.

सगळे तुझ्या हाताकडे बघत होते. आता संपलं, असं मला वाटलं. तू मात्र पदर खोचलास.

“मास्तर, मी पायाळू हाये. पालथे पडा.”

पायांकडून जन्मलेल्या माणसाचा पाय पाठीला लागला की चमक जाते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. पण तो पाय नुसता टेकवायचा असतो. तू पाळण्यातलं बाळ वहिनीकडे दिलंस, आढ्याला बांधलेला पाळण्याचा दोर धरलास आणि सगळा भार टाकून टाच मास्तरांच्या कमरेत रोवलीस.

“अगं, मी हेडमास्तर आहे!”

“आत्ता तुमी मास्तर नाही, कंबर. गप पडा.”

बाबा थोड्या वेळानं उठले. ताठ. हिरालालनं तिथल्या तिथे निकाल दिला, “बाईचा गुण हातातून पायात उतरला.” पोळ्यापर्यंत ही बातमी शिरपूरच्या पुढे गेली. बैलगाड्या येऊ लागल्या. ज्यांच्यापुढे अख्खं गाव वाकायचं, ते पाटील तुझ्यापुढे पालथे पडून कण्हू लागले. बाबा तर लोकांना अभिमानानं सांगत, “पहिली लाथ मी खाल्ली.”

मी तर सुट्टी संपायच्या आतच चिडून म्हटलं होतं, “गुण-बिण काही नाही. तीस वर्षं दाबून अंगठ्याचा सांधा झिजला. टाचेवर अंगाचा भार पडतो, बोटांना जोर लावावा लागत नाही, एवढंच! सांगू का सगळ्यांना?”

“सांगजो. मी मेल्यावर.” तू हसत होतीस. “माह्या आंगठ्याले सुट्टी भेटली, तं तुले काहून दुखते?”

म्हणून आता सांगितलं.

दिवाळीला आले तेव्हा सूज उतरली होती. तू लुगडं स्वतः पिळून दाखवलंस, दोनदा. सुनेलाही शिकवू लागली होतीस: “बोटाची हौस करू नको. आंगाचा भार टाक.” कुठल्या पुस्तकातून आणलं होतंस हे?

मी नागपूरला निघाले तेव्हा तू मोटारीपर्यंत आलीस.

“तुमच्या तिकडं डाक्टरीच्या शाळेत मानसाचा सांगाडा टांगते म्हन्तात. मले दाखव. जलमभर लोकायचे हाडं चाचपले, पाह्यलं एकबी नाही. आंगठ्यात काय असते ते पाहाचं हाये.”

“थंडीत नेते,” मी म्हटलं.

त्या थंडीत माझी परीक्षा आली. पुढच्या थंडीत तुझी मिरची तोडायला आली. तिसऱ्या थंडीत मला अमरावतीला नोकरी लागली. नागपूरच्या त्या डॉक्टरी शाळेवरून मी कितीदा गेले असेन, तुला न घेताच. एकदा तर आत जाऊन कारकुनाला विचारलंही, बाईमाणसाला सांगाडा बघू देतात का? तो म्हणाला, केव्हाही घेऊन या.