राखणदाराची बाटली

माझ्या देवभक्तीचा मला एके काळी फार गर्व होता. आता सत्तरीत ती बाई, म्हणजे मीच, आठवली की हसू येतं. तेव्हा बुरोंडीत आमचे हे होड्यांची इंजिनं दुरुस्त करत आणि संध्याकाळ झाली की स्वतःच बिघडत. कुणी विचारलं, "काकांना बरं नाही काय?" की मी ठसक्यात सांगे, "पित्त आहे त्यांना." साऱ्या वाडीला वास येई, मला एकटीलाच पित्त दिसे. त्याच वर्षी दापोलीला दिलेली आमची लेक सुलू बाळंत झाली. पहिलं बाळंतपण, पण माहेरी आली नाही. नात मी पाहिली ती दवाखान्यात, घटकाभर. निघताना सुलूनं मान वळवून सांगितलं, "आई, बाबा पितायत तोवर हिला घेऊन मी त्या घराची पायरी चढणार नाही."

मी रडले, आणि मग माझ्या अकलेनं उपाय काढला. वाडीच्या वर कातळाच्या सड्यावर, एसटीच्या थांब्याला लागूनच आमच्या राखणदाराचा जांभा दगड आहे. तो गावाची राखण करतो आणि त्याला नारळाबरोबर दारूही दाखवायची आमच्याकडे रीत आहे. मी गाऱ्हाणं घातलं, "महाराजा, दर अमावास्येला तुला बाटली ठेवीन, पण ह्यांची दारू सोडव." दारू सुटावी म्हणून दारूचा नवस! वर, बाईमाणसानं गुत्त्यावर कसं जायचं, म्हणून ती बाटली मी ह्यांनाच आणायला सांगे. "देवाची आहे हो," म्हटलं की हे लगबगीनं आणत. दुसऱ्या दिवशी बघायला जावं तर बाटली रिकामी. मी धन्य! दगडावर डोकं टेकून म्हणे, राखणदार जागृत आहे. सात अमावास्या मी अशी धन्य होत होते, आणि ह्यांचं पिणं काही तसूभर कमी होत नव्हतं.

आठवी अमावास्या रविवारी आली. कुणी बघू नये म्हणून मी भर दुपारी पिशवीत बाटली, वर जास्वंदीची फुलं घेऊन सडा चढले. तर दगडापाशी गडग्याच्या दगडी बांधावर एक अनोळखी गृहस्थ बसलेले. उन्हानं रापलेले, हाताला कलमं बांधणाऱ्या माळ्याचे घट्टे. त्यांची एसटी चुकली होती. मी बाटली काढली तशी त्यांनी हळूच विचारलं, "ताई, घरात कोण पितं?"

"कोणी नाही! ही देवाची आहे."

"आमची आईपण ठेवायची देवाची. पहाटे जाऊन मीच संपवायचो." मग ते थांबले. "अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी तुमचे यजमान पहाटे कुठं असतात?"

"घरीच, झोपलेले!" मी फाडकन सांगितलं, आणि मग मला आठवलं. एरवी आठ वाजल्याशिवाय न उठणारे आमचे हे महिन्यातून नेमके एकदाच पहाटे उठून सड्यावर 'हवा खायला' जात. मी बाटली परत पिशवीत घातली. ते गृहस्थ हसले नाहीत. म्हणाले, "मला दारू सोडून सहा वर्षं झाली. एकट्याला जमत नव्हतं. दापोलीला एका शाळेच्या खोलीत आम्ही दर रविवारी चारला बसतो, पिणारे, सोडलेले. आज घरची माणसंही चालतात. पुढची गाडी येईलच." गाडी आली आणि मी चढले. कशी चढले, मला आजही सांगता येत नाही. ही बाई नवऱ्याला न विचारता वाडीबाहेर जात नसे.

खोलीत बाकावर बसताना पिशवी आपटली आणि किण्‌ वाजलं. दारू सोडलेल्यांच्या सभेत मी दारू घेऊन आले होते! सगळे वळून बघायला लागले. मी रडत रडत सगळं सांगितलं, अगदी पित्तासकट. 'नवरा पितो' हे शब्द जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाले. आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच, आणि शेवटी मीही. मग मागच्या आवारात जाऊन ती बाटली मी माझ्या हातानं मातीत ओतली.

घरी आले. हे ओटीवर वाट बघत होते. मी एवढंच म्हटलं, "पुढच्या अमावास्येपासून राखणदाराला नुसता नारळ." ह्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "कळलं काय गो तुला?" आणि लहान मुलासारखे रडले. पुढच्या रविवारी "तुला सोबत म्हणून" ते दापोलीला आले. शिमग्यात एकदा घसरले, पण पुढच्या रविवारी स्वतःच गाडी धरून गेले. नातीच्या पहिल्या वाढदिवसाला सुलूनं तिला आमच्या उंबऱ्याच्या आत सोडलं. ती रांगत थेट ह्यांच्या मांडीवर!

गेल्या रविवारी ह्यांना दारू सोडून बारा वर्षं झाली. आता त्या खोलीचं कुलूप हेच उघडतात, चहाही हेच करतात. सभेत नातीनं त्यांना जास्वंदीचं फूल दिलं, तेव्हा टाळ्यांनी पत्रे वाजले. येताना सड्यावर उतरून आम्ही नारळ ठेवला. नातीनं विचारलं, "आजी, तुला भेटलेले ते काका त्या दिवशी इथंच कसे बसले होते?" म्हटलं, "गाडी चुकली होती त्यांची." ती दगडाकडे बघत राहिली, मीही. सात अमावास्या मी त्याला हुकूम सोडत होते, ह्यांच्या हातातली बाटली काढ म्हणून. त्यानं आधी माझ्या हातातली काढली.